तात्यांचा शिक्का

"नवरा-बायकोचं लगीन लागलं का गं?" तात्यांनी शेडच्या तोंडाशी उभं राहून विचारलं.

"लागतंय," मी म्हटलं. "अजून अंतरपाट धरलाय."

"लवकर धर आणि लवकर सोड. ऊन चढलंय. आज ती दोघं थांबायची न्हाईत."

नवरा-बायको म्हणजे इपॉक्सीचे दोन डबे. एकात मधासारखी दाट राळ, दुसऱ्यात तिला आवळून धरणारं हार्डनर. वेगवेगळे ठेवले तर वर्षभर गुण्यागोविंदानं नांदतात. एकदा कालवले की सुटका नाही. जोडात भरून रात्रभर ठेवलं की सकाळी छिन्नीनंसुद्धा दाद देत नाहीत. आमच्या घरात हा विनोद इतका जुना होता की त्यावर कुणी हसत नसे. त्या दिवशी मात्र तात्या हसले. हसले आणि तिथंच उभे राहिले, आत आले नाहीत.

आत यायचं नाही, होडीला बोट लावायचं नाही, असा शब्दच होता त्यांचा.

आमचं बेलघाट कृष्णेच्या काठावर. श्रावण लागला, नदी भरली की गावागावांत होड्यांच्या शर्यती. तात्या मूळचे पत्र्याचे कारागीर. ट्रंका, कोठ्या, घमेली करायचे. तरुणपणी कोल्हापुरात बसची बॉडी बांधायच्या कारखान्यात राहून आले आणि येताना रिव्हेट मारायची गन घेऊन आले. रिव्हेटला आम्ही रिबीटच म्हणायचो. तेव्हापासून लाकडाच्या होड्या मागं पडल्या आणि तात्यांच्या ॲल्युमिनियमच्या होड्या नदीवर सुसरीसारख्या धावू लागल्या. आईनं तर त्यांच्यावर ओवीच रचली होती. जात्यावर बसली की आधी देवाची, मग माहेरची आणि मग ही:

पत्र्याला ग पत्रा जोडी, बाप माझा कारागीर
त्याच्या हाताखाली उभं, कृष्णामाईचं ग नीर

"बाप माझा" म्हणायची, कारण ओवी लेकीच्या तोंडची. माझ्यासाठी रचलेली. नवऱ्यावर उघड ओवी गायची तिला लाज वाटत असणार.

तात्यांच्या कामाला शिक्का होता. कागदाचा नव्हे, अंगठ्याचा. जोडावरची इपॉक्सी ओली असतानाच ते उजव्या अंगठ्यानं तिची कड दाबून पुसत जात. शेवटी अंगठा जिथं थांबे तिथं ठसा उमटून राही. त्या अंगठ्याला कधीतरी पत्र्यानं उभी चीर पडली होती, म्हणून ठसा गव्हाच्या दाण्यासारखा दिसायचा, मधोमध भेग असलेला. होडी घ्यायला येणारे आधी वाकून तो दाणा शोधत. सापडला की पाठ सरळ करून म्हणत, "बास. आता पाणी आत यायचं न्हाई."

मला मात्र त्यांनी अंगठा लावू दिला नव्हता. "खाज सुटंल बाई, कातडी जाईल. चिंधीनं पूस." मी लहानपणापासून चिंधीनंच पुसत आले. पत्रा कापणं, भोकं पाडणं, गन दाबणं सगळं त्यांनीच शिकवलं. भाऊ नव्हता मला. पण म्हणून दुकान लेकीला द्यायचं, असं आमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलेलं नव्हतं. मी वीस-एकविसाची झाले आणि स्थळं येऊ लागली, तेव्हा मीच तोंड उघडलं. मला लग्न नको, मला होड्या बांधायच्या आहेत.

 मग भैरवनाथ मंडळाचे मारुतीनाना नव्या होडीची बोलणी करायला आले, तेव्हा तात्या त्यांच्यासमोर म्हणाले, "ही होडी शेवंता बांधंल. एकटी. मी हात लावणार न्हाई. शर्यतीत होडी टिकली तर दुकान तिचं, लग्नाचं नाव मी काढणार न्हाई. न्हाई टिकली तर मी म्हणीन तिथं ती जाईल."

नाना मिशीत हसले. "तात्या, गाव पणाला लावलास की रं."

"गाव न्हाई. लेक लावली."

त्या वाक्यानं माझी छाती भरून आली होती. लेक लावली म्हणजे काय, हे तेव्हा कुठं कळत होतं?

सारा उन्हाळा मी शेडमध्ये काढला. होडी झाली. पाण्यात सोडून पाहिली. ती डुलली, सरळ झाली आणि बसली, जणू नदीतच जन्मलेली. फक्त शेपटाकडं एका जोडातून पाणी पाझरत होतं. अगदी थेंब थेंब. तिथं मी हवेची बंद पेटी केली होती. पेटीत हवा म्हणून शेपूट हलकं, आणि शेपूट हलकं म्हणून होडी वळणावर चपळ. पेटी बंद असल्यामुळं तिथं बाहेरूनच रिबीट मारावे लागत. बाहेरून मारायचा आणि आतल्या बाजूला तो उमलायचा. तो कसा उमलतो ते मात्र आपल्याला दिसत नाही. गन दाबली की रिबिटाच्या पोटातला खिळा टक्कन तुटतो. त्या आवाजावर विश्वास ठेवायचा.

तर शर्यतीच्या आदल्या दिवशी मी तो जोड उकलला, घासून स्वच्छ केला आणि पुन्हा जमवत बसले होते. नवरा-बायको कालवली, दोन्ही पत्र्यांमध्ये भरली, भोकं जुळवली, रिबीट बसवले. टक. टक. टक. तात्या उन्हात उभे राहून कान देत होते.

"शेवटचा जरा लांबला," ते म्हणाले.

"खिळा जाड होता."

"हं. बराय." मग थोडं थांबून, "चांगला झालाय गं जोड."

"आत येऊन बघा की."

"नको. शब्द आहे."

चिंधीनं कड पुसून होतेय तोवर आईची हाक आली. "शेवंते, ये, न्हायला घालते. उद्या सगळा गाव नदीवर. अशी राळेत माखून उभी राहणार हायेस व्हय?"

"मी काय नवरी आहे?"

आई तशीच पाणी तापवायला वळली. एरवी या बोलण्यावर तिनं मला एक टोला तरी दिला असता.

त्या दुपारी आईनं मला इतका वेळ न्हाऊ घातलं की लहानपणीही कधी घातलं नसेल. शिकेकाई, वर पुन्हा तेल, पुन्हा शिकेकाई. मग माझे हात मांडीवर घेऊन चिंच आणि मिठानं नखं घासत बसली. नखांच्या कडांना इपॉक्सी धरली होती. ती काही निघेना, आणि आईही काही थांबेना. मागच्या बाजूनं आवाज येत होता. किर्र, मग थांबून टक. पुन्हा टक.

"कोण काम करतंय गं?"

"तात्या. ट्रंकेची ऑर्डर हाय पेठेतल्या दुकानाची. हात हलवू नको."

"उद्या शर्यत आणि आज ट्रंक?"

"त्यांचं ते बघतील. हात हलवू नको म्हटलं ना!"

तिच्या आवाजाला धार होती. मला वाटलं, माझ्या काळजीनं आली असेल.

संध्याकाळी तात्या जेवायला बसले तेव्हा त्यांच्या हाताला थिनरचा वास येत होता. भाकरीचा तुकडा त्यांनी माझ्या ताटात घातला. ते कधी असं करत नसत.

"खा. उद्या ताकद लागंल."

"वल्हवायला थोडीच जाणार आहे मी?"

"काठावर उभं राह्यलाबी लागती, बाई."

सकाळी मंडळाची पोरं आली आणि होडीचं पोट लाल रंगानं रंगवून गेली. ढोल लागला. नारळ फुटला. मारुतीनानांनी होडीभोवती एक फेरी मारली, वाकून जोड पाहिले आणि तात्यांना म्हणाले, "दाणा दिसंना कुठं?"

"कसा दिसंल? माझी न्हाई ती. शेवंताची हाय."

"मग पोरी, तुझा शिक्का काय?"

"पाणी आत आलं नाही, हाच," मी म्हटलं.

पोरं ओरडली. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मग बाईमाणसाच्या पाठीवर थाप मारली म्हणून स्वतःच ओशाळले.

घाटावर माणसांच्या पायऱ्याच पायऱ्या. पलीकडच्या काठावर करंजपूरकर झेंडे नाचवत होते. मी आणि आई देवळाच्या ओट्यावर. तात्या दिसेनात. शोधलं तेव्हा ते खाली पार लांब, नदी वळते तिथं, गुडघाभर पाण्यात धोतर खोचून उभे दिसले. शेजारी मासेमारीची एक छोटी नाव आणि तिच्यात दोन पोहणारी माणसं.

"ते तिकडं काय करतायत?"

"वळणावरनं चांगलं दिसतं म्हणं," आई म्हणाली.

भोंगा वाजला. होड्या सुटल्या. बेलघाटची लाल होडी पहिल्या वल्ह्यापासूनच पुढं. वल्ही एकदम पाण्यात, एकदम वर, जसं एकाच बाईनं एकाच वेळी शंभर सुपं पाखडावीत.  बाजूच्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "कुणाची गं ही होडी, एवढी पळतीया?" मी म्हटलं, "माझी." आयुष्यात तो शब्द मी एवढ्या मोठ्यानं पुन्हा कधी म्हटला नाही.

वळण आलं. होडी वळली, आणि शेपूट खाली बसलं.

आधी वाटलं, वल्ह्याची चूक असेल. मग नाकाड वर आलं. मागची पोरं कमरेएवढ्या पाण्यात बसल्यासारखी दिसू लागली. ढोल थांबला. लाल रंगाचं पोट उन्हात एकदा चमकलं आणि होडी मागच्या बाजूनं नदीत निघून गेली, सुई कापडात जावी तशी. पोरं पोहत होती. छोटी नाव लगेच त्यांच्यापाशी पोचली. तात्या छातीएवढ्या पाण्यात शिरून एकेकाला ओढत होते. कुणाला काही झालं नाही.

पलीकडून करंजपूरकरांचा आवाज आला, "ओ बेलघाटकर, होडी व्हती का चाळण?"

दुसरा म्हणाला, "बाईच्या हातची हाय ती. भाकरी थापल्यात, जोड न्हाईत!"

हसण्याची लाट या काठापर्यंत आली. आमचीही काही माणसं हसली. मला ते जास्त लागलं.

होडी दोरानं ओढून घाटाला लावली तेव्हा शेपटाच्या पेटीतून पाणी भळाभळा वाहत होतं. नाना म्हणाले, "वर्षभराची वर्गणी आणि गावाची अब्रू पोरीच्या हातात दिली आम्ही. आमचंच चुकलं."

तात्या ओलेचिंब पुढं आले. "तिला काय बोलू नका. चूक माझी. पोर आहे, मी तिच्यावर सोडायला नको व्हतं."

 तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांच्या ओल्या सदऱ्यात तोंड खुपसून रडले. मनात म्हटलं, बाप असावा तर असा.

गर्दीच्या कडेला पांढऱ्या टोप्यांतली तीन-चार परकी माणसं उभी होती. त्यातल्या एकानं मला निरखून पाहिलं आणि तात्यांना मान डोलावली. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या दुकानात पुढच्या बाजूला ट्रंकेला कडी बसवत होते. मी शेडमध्ये गेले. होडी पालथी पडली होती. मला फक्त एवढंच बघायचं होतं की मी कुठं चुकले. लग्न तर आता ठरणारच होतं, त्याला माझी ना नव्हती. शब्द म्हणजे शब्द. पण कुठं चुकलं ते कळल्याशिवाय माझा हात मला माझा वाटेना.

शेपटाचा जोड मी डोळे मिटून बोटांनी चाचपला. आंधळं माणूस तोंडावरून हात फिरवतं तसा. रंगाखाली कड गुळगुळीत होती. फार गुळगुळीत. चिंधीनं पुसलेली कड अशी नसते, तिच्यावर सुताच्या बारीक रेघा राहतात. बोट पुढं सरकलं आणि जोडाच्या टोकाशी एका लहानशा खळगीत बसलं.

मी डोळे उघडले. नखानं रंग खरवडला. लाल पापुद्रा निघाला आणि खाली गव्हाचा दाणा.

किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. मग रिबीट गिरमिटानं काढू लागले. एरवी एक रिबीट काढायला घाम फुटतो. हे हात लावताच हलले. कात्रीनं पेटीचा पत्रा कापून आत पाहिलं. शेजारच्या जोडातले माझे रिबीट आतल्या बाजूनं उमललेले होते, मोगऱ्याच्या फुलासारखे, पत्र्याला मिठी मारून. या जोडातले मात्र तोकडे. ट्रंकेच्या पातळ पत्र्याला लावतात ते. ते आतवर पोचलेच नव्हते, उमलणार कुठून? दोन्ही पत्र्यांच्या मध्ये इपॉक्सी नावाला नव्हती. थिनरनं धुऊन लख्ख केलेलं. जे काही होतं ते वरच्या कडेला, मुलामा दिल्यासारखं.

जोडाचा तो तुकडा मी कापून घेतला आणि पुढं दुकानात गेले.

"तात्या, अंगठा द्या."

"कशाला?"

"द्या तर."

त्यांनी माझ्या हातातला तुकडा पाहिला. कडी खाली ठेवली. हात धोतराला पुसला आणि पुढं केला. मी त्यांचा अंगठा धरून त्या खळगीत ठेवला. बसला. चिरेत चीर बसली. जोड असा जमला पाहिजे, असं ते मला नेहमी सांगत.

त्यांनी अंगठा काढून घेतला नाही. 

"सवय," ते शेवटी म्हणाले. "सवयीनं फिरला. मला कळलंबी न्हाई."

"का तात्या?"

रस्त्यावरून बैलगाडी गेली. तिच्याकडं बघतच ते म्हणाले,

"सुपारी फुटली व्हती."

"कुणाची?"

"तुझी. गुढीपाडव्याला. मिरजेला, तुझ्या मामाच्या घरात. इचलकरंजीचं स्थळ हाय. सूतगिरणीत हाय पोरगा, माणसं चांगली हायेत. काल नदीवर आली व्हती."

"आणि मंडळासमोर शब्द दिला होता तो?"

"दोन्हीकडं दिला मी शब्द. एक मोडणार व्हताच."

"मग मला होडी बांधू तरी कशाला दिलीत?"

"मला वाटलं, तुझ्यानं व्हायची न्हाई. पाण्यात सोडली की कळंल, तूच गप होशील." त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल होते. "झाली. लई चांगली झाली. पाण्यात बसली तेव्हाच कळलं मला. मला आयुष्यात अशी जमली न्हाई. चांगली व्हती म्हणून तर हात लावावा लागला, बाई."

हे कौतुक ऐकायला मी सगळा उन्हाळा काढला होता.

"आत पोरं होती, तात्या."

"पवणारी पोरं हायेत. आणि मी उभा व्हतो ना वळणावर. नाव घिऊन उभा व्हतो."

गुडघाभर पाण्यातलं ते खोचलेलं धोतर माझ्या डोळ्यांसमोर आलं. होडी घाटावरून सुटलीसुद्धा नव्हती, आणि माझा बाप ती कुठं बुडणार तिथं जाऊन उभा होता.

"मी नानांना दाखवते हे."

"दाखव." त्यांच्या आवाजात राग नव्हता, धमकीही नव्हती. "जा, आत्ता दाखव. खरं हाय ते कळंल सगळ्यास्नी. तुझी होडी खरी व्हती, हे गाव मानंल. मी अडवायचो न्हाई." मग कडी पुन्हा हातात घेऊन तिच्याकडं बघत म्हणाले, "पर मग ह्या शिक्क्याची होडी कोण घील गं? जो स्वतःच्या लेकीची होडी फोडतो, त्याच्या होडीत कोण पाय टाकंल? तुला दुकानच पायजे व्हतं ना? ह्या दुकानाकडं मग कुत्रं फिरकायचं न्हाई."

तुकडा हातात जड झाला. मी तो धरून उभी होते आणि मला कळत होतं की त्यांच्या या बोलण्याचे रिबीटसुद्धा बाहेरून मारलेत, आणि आत मात्र घट्ट उमललेत. कुठूनही ओढलं तरी पत्राच फाटणार.

मागं आई उभी होती. हाताला पीठ.

"तुला माहीत होतं?"

"मला एवढंच म्हणाले, दुपारभर पोरीला घरात धर." तिनं पदरानं हात पुसले. पीठ पदराला लागलं. "मी विचारलं न्हाई, का म्हणून."

माझी नखं दुखेपर्यंत तिनं का घासली, ते तेव्हा समजलं. विचारलं नसलं तरी कळलं होतं तिला. घासत होती ती दुसरंच काहीतरी.

मी नानांकडं गेले नाही. शेडचं दार लावून घेतलं आणि तो जोड नव्यानं बांधला. कापलेल्या जागी नवा पत्रा घातला. नवरा-बायको कालवली. लांब रिबीट घेतले. तात्या शेडच्या तोंडाशी आले तेव्हा त्यांच्याकडं न बघता म्हटलं, "आता तरी शब्द पाळा. हात लावायचा नाही."

ते तिथंच बसले, बाहेर. रिबीट तुटल्याचा प्रत्येक आवाज ऐकत. या वेळी कुठला लांबला, कुठला नाही, काही बोलले नाहीत.

मंडळाला सांगितलं गेलं की तात्यांनी होडी दुरुस्त केली. पुढच्या वर्षी तीच होडी पहिली आली. मी तेव्हा इचलकरंजीत, सहा महिन्यांची पोटुशी. बेलघाटहून कुणीतरी पेढे घेऊन आलं आणि सासऱ्यांना म्हणालं, "आमच्या तात्यांचा हात लागला की सोनं हो." सासरे माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ, बाप किती मोठा तुझा!" मी पेढा खाल्ला.

पण ते नंतरचं. आधी लग्न झालं.

हळदीच्या दिवशी जात्यावर हळकुंडं दळताना बायका आईच्या मागं लागल्या, "तात्यांची ओवी म्हणा की वहिनी. लेक चालली, आता न्हाई तर कधी?" आईनं खुंटा धरला. जातं फिरवलं. 'पत्र्याला ग पत्रा जोडी' एवढं म्हणाली आणि खोकला आला म्हणून थांबली. बायकांनी पाणी दिलं. ती प्याली, आणि दुसरीच ओवी धरली, माहेरच्या वाटेवरच्या बोरीबाभळींची. तात्यांची ओवी मी आईच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही, ती वारली तोवर.

मांडवात कन्यादानाला बसलो. तात्या स्वच्छ धोतरात, कोरी टोपी. त्यांची ओंजळ वर, तिच्याखाली नवऱ्याची, सगळ्यांत खाली माझी, आणि माझ्याखाली काशाचं ताट. भटजींनी मंत्र म्हटला आणि आईनं झारीतून धार धरली.

तात्यांनी बोटांना बोटं घट्ट जुळवली होती. सगळ्या पंचक्रोशीची होडी पाण्यावर तरंगती ठेवणारे ते हात. पण ओंजळीत पाणी ठरेना. करंगळ्यांच्या मधून झिरपायला लागलं, मनगटावरून ओघळलं, नवऱ्याच्या हातांवरून माझ्या हातांत आलं आणि माझ्याही हातांतून खाली गेलं. काशाच्या ताटात थेंब वाजत राहिले. टक. टक. टक.

मी मान खाली घालून बघत होते, म्हणून मलाच दिसलं. तात्यांचा उजवा अंगठा हलला. ओंजळीच्या कडेवरून हळूच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला, जसा ओल्या जोडावरून फिरायचा तसा. पाणी अडवायला. सवयीनं.

टोकाशी येऊन तो थांबला आणि दाबून राहिला.

भटजी म्हणाले, "सोडा पाणी."